कुणाची टाळू भरली?

नारीन शहरातल्या दवाखान्यात गरोदर तोलगोनाय पोटावर हात ठेवून आपल्या नंबरची वाट बघत होती. शेजारी एक म्हातारी मांडीवरच्या पांढऱ्या रुमालाच्या घड्या घालत होती आणि मोडत होती. एवढ्यात म्हातारीची सून बाळाला घेऊन डॉक्टरांच्या खोलीतून जवळजवळ धावतच बाहेर आली.

“अपा, डोक्यातल्या फटी जुळत आल्या!”

“खरं सांगतेस? जन्मली तेव्हा दोन हाडांच्या मधे माझं बोट बसायचं गं.”

“आता नखसुद्धा बसत नाही. डोक्याचा घेरही हवा तेवढाच आहे.”

“बघ! मी म्हणत होते ना, रुमाल घट्ट बांधला की हाडं जवळ येतात!”

“तो मी सोडायची.”

“काय? रोज सकाळी मी स्वतः बांधून गुरांकडे जायची!”

“तुमची पाठ वळली की सोडायची. तुम्ही यायच्या आत पुन्हा बांधायची, सैल.”

“दोन महिने?”

“दोन महिने. मेंदू वाढतोय, त्याला जागा हवी, आवळू नका, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”

“आणि मी काय म्हणाले होते?”

“‘पोरीचं राहू दे, आधी तुझीच टाळू भरायची आहे, अजून पोरच आहेस.’ सगळ्या जावांसमोर.”

म्हातारीनं रुमालाची घडी पुन्हा मोडली.

“पोरीची कधी भरेल म्हणाल्या डॉक्टरीणबाई?”

“वर्ष-दीड वर्ष लागेल.”

“लागू दे. तुझी मात्र भरली. वाक इकडे.”

सून वाकली. म्हातारीनं तो रुमाल झटकला आणि भर रांगेत तिच्या डोक्याला बांधायला घेतला.

“सैल बांधा हं, अपा!”