माशाचं तोंड कुणाकडे

नाही गं, सही करते ना, सही कुठे पळून जातेय — पण आधी मी सांगितलं ते लक्षात आलं का तुझ्या? त्या आत आल्या की तू एवढंच म्हणायचंस, सॉरी मॅडम, एकवीस तारखेला आमचे चायनीज शेफ सुट्टीवर आहेत, चायनीज बँक्वेट होणार नाही, वेस्टर्न रिसेप्शनच घ्यावं लागेल. बस. खलास. त्या मोबाइल पुढे करतील, तू त्यात इंग्लिशमध्ये बोलायचंस, तो मोबाइल त्यांना चिनीत सांगतो, त्या मान हलवतील, मी चेहरा पाडीन, आणि मग आपण सही करू. यात अवघड काय आहे? तू हॉटेलची मुलगी, तुझं ऐकतील त्या. माझंही ऐकतील म्हणा. माझं तर सगळंच ऐकतात, तोच तर — जाऊ दे. आणि तो डबा राहू दे तिथेच, उघडू नकोस.

अशी बघू नकोस गं माझ्याकडे. तुझ्या पाटीवर नुपूर नाव वाचलं, तू नाशिकची म्हणालीस, म्हणून इतकं मोकळं बोलले. हिंदीत नसतं जमलं मला हे. एकोणीस वर्षं दोह्यात काढली, पण खोटं बोलायला अजून मराठीच लागते बघ. त्या काचेपलीकडे बसल्यात ना, लाल स्वेटर — बाहेर एवढं ऊन, पण त्यांना तुमच्या एसीची थंडी वाजते — त्या माझ्या विहीणबाई. माझा कैवल्य आणि त्यांची यूलान एका साइटवर इंजिनियर. लग्न मे महिन्यात आमच्या वेंगुर्ल्याला झालं, आमच्या पद्धतीनं, अंतरपाट, मंगलाष्टकं, सगळं. या येऊ शकल्या नाहीत. व्हिसाच आला नाही वेळेवर. एकुलती एक मुलगी, नवरा ती पोर चार वर्षांची असताना गेलेला, शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करून वाढवलंय तिला — आणि लेकीचं लग्न त्यांनी मोबाइलवर बघितलं. मध्ये दोनदा नेटवर्क गेलं. अक्षता पडल्या तेव्हा स्क्रीन काळी होती, मला कैवल्यने नंतर सांगितलं. म्हणून हे रिसेप्शन. म्हणजे त्यांच्यासाठी म्हणून ठरवलेलं, हां. त्यांच्यासाठीच.

तर त्यांचं म्हणणं काय — जास्त काही नाही. दहा-दहा जणांची गोल टेबलं, मध्ये फिरती काच, दहा पदार्थ एकामागून एक, आणि शेवटाकडे अख्खा मासा. डोक्यासकट, शेपटीसकट. त्या माशाचं तोंड ज्याच्याकडे करतात ना, तो त्या जेवणातला सगळ्यात मानाचा माणूस. आल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या सोफ्यावर बसून मोबाइलमध्ये बोलल्या, आणि मोबाइल मला म्हणाला, मी माझी मुलगी तुम्हाला दिली आहे, त्या दिवशी माशाचं तोंड तुमच्याकडे असेल. असं म्हणाला तो मोबाइल. तशाच सपाट आवाजात, टॅक्सीचा रस्ता सांगावा तसा. आणि मला काय सुचलं सांगू? मला जयमाला दिसली. माझी नणंद. तिच्या रुचाचं रिसेप्शन इथेच झालं मागच्या वर्षी, सगळं पांढरं, खुर्च्यांना बो बांधलेले, पाच मजली केक. तिला फोनवर नुसतं म्हटलं की चायनीजचा विचार चाललाय, तर म्हणते कशी, अय्या वहिनी, म्हणजे मांचुरियन आणि हक्का नूडल्स का? आणि हसली. हसली म्हणजे खूप वेळ हसली गं. यांच्या ऑफिसमधली माणसं येणार, मंडळातल्या बायका येणार, त्या काय चॉपस्टिक धरून बसणार? अख्ख्या माशाचे फोटो ग्रुपवर जाणार? कैवल्यला विचारलं तर, आई, जस्ट डिसाइड, प्लीज. यांना विचारलं तर, तुम्ही दोघी बघा काय ते. म्हणजे सगळे हात झटकून मोकळे, आणि वाईट कोण होणार? मी!

मग मी बोलले. मोबाइलमध्येच बोलले. म्हटलं, सॉरी, आमच्या घरात सगळे शुद्ध शाकाहारी आहेत, मासा ठेवलेल्या टेबलावर आम्ही बसू शकत नाही.

हस. हस तू. वेंगुर्ल्याची मी, माझं माहेर बंदरापासून दहा पावलांवर, आणि हे दर शुक्रवारी सकाळी उठून अल रुवैसला जातात, तास-सव्वा तास गाडी हाकत, का? तर तिथे बोटीवरचा ताजा हामूर मिळतो. आता लग्नाच्या पंगतीत आपल्याकडे मासे नसतातच, ते खरंय, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं — होतं गं. खोटंच होतं. मला वाटलं, माशावाचून त्यांचं बँक्वेट होतच नाही, तर आपोआप म्हणतील की राहू दे, तुमच्या पद्धतीनं करा. सगळं गोडीत मिटेल. कुणाला दुखवायलाही नको.

पण त्या आमच्याकडेच राहतात ना. अल मन्सूराला, दोन बेडरूमचा फ्लॅट. पोरांची जागा एका खोलीची, तिथे कुठे राहणार. मग काय, दोन आठवडे घरात मासा नाही. फ्रीजरमधली सुरमई शेजारच्या बबीताकडे नेऊन ठेवली, काळ्या पिशवीत गुंडाळून. हे मित्राकडे जेवून यायला लागले. आणि गेल्या शुक्रवारी मी यांच्याबरोबर अल रुवैसला गेले, तिथे एकानं तळून दिला, आणि आम्ही दोघं गाडीच्या काचा वर करून, एसी लावून, फॉइलमधून खाल्ला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झालेली माणसं! काटे काढता काढता हे म्हणाले, सुचित्रा, हे फार होतंय हां. मी म्हटलं, गप्प बसा, आणि शेपटीकडचा तुकडा मला द्या.

आणि विहीणबाई? तुला वाटतं त्या रुसल्या? मी शाकाहाराचं बोलले त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाईनं आमच्या खालच्या किराणावाल्याकडनं दोन किलो अळकुड्या आणल्या. उकडल्या, कुटल्या, त्याचा मासा वळला. पहिला मोडला. दुसऱ्याची शेपूट गळाली. तिसरा काल जमला. वर गाजराच्या पातळ चकत्यांचे खवले लावलेत, एकावर एक, आणि डोळ्याला काळ्या मिरीचा दाणा. मी हॉलमधून बघत होते. चिमटा घेऊन, माझा भुवयांचा चिमटा घेऊन, एकेक खवला लावत होत्या. मग मोबाइल म्हणाला, आता तुम्ही बसू शकता. तो मासा आहे त्या डब्यात. तुमच्या शेफला दाखवायला आणलाय, की असे वीस बनवता येतील का. येतील ना गं? म्हणजे — नाही, शेफ सुट्टीवर आहे. हो. सुट्टीवर.

तुझी आई आहे ना नाशिकला? माझी गेली चार वर्षांपूर्वी. माझ्या लग्नात तिनं विहिणीची पंगत घातली होती. तुम्हा पोरींना आता माहीतही नसेल, मुलाच्या आईला मानानं बसवायचं, चांदीचं ताट, आग्रह करकरून वाढायचं. सासूबाई, रत्नप्रभाबाई माझ्या, ताटावर बसल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की ताटाभोवती महिरप काढलेली नाही. मावशी विसरली रांगोळी काढायला, एवढंच. त्यांनी पाट मागे सारला आणि उठल्या. आई तुपाचं भांडं हातात घेऊन उभी होती. वाढायला वाकली होती, तशीच राहिली. पुढे तिनं जन्मात कधी तो विषय काढला नाही, मीही नाही. पण तेव्हा, शालू नेसून कोपऱ्यात बसल्या बसल्या, मी मनात म्हटलं होतं, मी विहीण होईन तेव्हा ताटावरून उठणार नाही, मीठभाकरी वाढली तरी नाही.

आणि बघ. मी तर ताटावर बसायच्या आधीच उठले. निदान रत्नप्रभाबाई खोटं तरी बोलल्या नव्हत्या.

नको, पाणी नको मला. ते तुमचं वेस्टर्नचं पुस्तक मिट आधी. काल त्यांना दाखवलं होतं मी मोबाइलवर, पांढरी फुलं, पांढरे पडदे. त्यांनी एक पान बघितलं आणि फोन हळूच परत दिला. यूलान नंतर म्हणाली, आंटी, आमच्याकडे पांढरं मयताला असतं. मला ठाऊक होतं ते. आधी एकदा सांगितलं होतं तिनं. तरी दाखवलं.

आणि गंमत म्हणजे त्या शुक्रवारी अल रुवैसहून आलो ना आम्ही, मी साबणानं हात धुतलेले, दोनदा. दारातच विहीणबाईंनी माझे हात हातात घेतले, यल्ला यल्ला करत — चला चला म्हणजे, तो एवढा एकच शब्द शिकल्यात इथला — मला स्वयंपाकघरात नेलं, लिंबू कापलं, आणि अर्धं लिंबू माझ्या बोटांवर चोळलं. नखांशी. मग हसल्या आणि परत अळकुड्या कुटायला लागल्या. मला वाटलं असेल काहीतरी त्यांच्याकडची पद्धत, बाहेरून आलं की —

थांब. थांब हं. इतकी वर्षं कँटीनमध्ये स्वयंपाक केलेली बाई. तिला हाताचा वास — लिंबू कशाला चोळतात गं? आपण कशाला चोळतो?

अगो बाई. म्हणजे तिला माहीत आहे. आठ दिवस झाले, तिला माहीत आहे, आणि तरी काल संध्याकाळभर बसून खवले — माझं खोटं खरं ठरावं म्हणून? चार माणसांत मला तोंड दाखवता यावं म्हणून?

उघडलास? तू डबा उघडलास? मी नको म्हटलं होतं ना. असू दे. आता बघ नीट. मोडला नाही ना गाडीत? एक खवला सरकलाय, तो नीट कर. बोटानं नको, हा चमचा घे.

आण तो कागद. चायनीज बँक्वेटवर खूण कर. गोल टेबलं, वीस. आणि मासा खरा लिही, हामूर, अख्खा, डोक्यासकट. फक्त आमच्या टेबलावर हा. अळकुड्यांचा. तो मी खाणार, सगळा. जयमाला आली तर तिला माझ्या शेजारी बसव.

शेफबिफचं काही बोलायचं नाहीस तू. मीच बोलेन. त्यांच्या त्या मोबाइलला सांगायचं, आय ईट फिश. तीन तर शब्द आहेत. दोन आठवडे झाले, तीन शब्द निघाले नाहीत गं माझ्या तोंडातून.

उठल्या वाटतं त्या. इकडेच येतायत. डबा फिरव, लवकर — असा नाही, माझ्याकडे नाही. तोंड दाराकडे कर. हां. आता तू बाहेर जा, आणि दार ओढून घे.