जावयाचं रुसणं

कल्याण स्टेशनात मी मुंबईच्या आगगाडीची वाट पाहत होतो. पाठीमागच्या बाकावर पुतण्याचा पहिला दिवाळसण आटोपून निघालेले काका-पुतणे होते. पुतण्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकणारा.

"दामोदर, जावयाने ताटावर रुसायचं, सासऱ्यांनी काय हवं विचारायचं, मग घड्याळ मागायचं. एवढं पढवून आणलं होतं ना तुला?"

"रुसलो होतो की, काका."

"कधी?"

"जिलब्या वाढल्या तेव्हा. अगदी गप्प बसलो."

"अरे, तू आल्यापासून गप्पच होतास! त्यांना कळणार कसं?"

"कळलं. त्यांनी विचारलं, काय हवं म्हणून."

"मग?"

"तेव्हा माझं समईकडे लक्ष होतं. ज्योत बुडाशी निळी का असते, ते सांगितलं."

"भर पंगतीत?"

"सगळे शांतपणे ऐकत होते."

"कपाळ! जेवण गार होत होतं त्यांचं."

"पण दाराआडून एकीने विचारलं, मग कापराच्या ज्योतीला एवढी काजळी का धरते?"

"एकीने? अरे, तुझी बायको ती!"

"हो, तिची आई तिला रागावली, तेव्हा समजलं. माझ्यासमोर ती कधी बोललीच नव्हती."

"काय उत्तर दिलंस?"

"मला येईना. कॉलेजात कापूर जाळून बघणार आहे."

"घड्याळ गेलं ते गेलंच. येताना तर तुला दंडाला धरून गाडीत चढवावं लागलं होतं."

"काका..."

"आता काय?"

"संक्रांतीला जावयाला बोलावतात ना हो? की न बोलावता गेलं तरी चालतं?"