हलकी मागितली होती

— नाही ताई, असं नखानं खरवडून राळ कळत नसते. द्या इकडे. आणि बसा त्या पेटीवर — बसा, मोडत नाही, माझ्याहून धडधाकट आहे ती. तीन दुकानं फिरलात म्हणता, तिन्ही ठिकाणी फसलात, मग चौथ्या ठिकाणी घटकाभर टेकायला काय जातंय? हे बघा, एवढासा खडा निखाऱ्यावर टाकायचा. धूर पांढरा, सरळ वर गेला, घशात खवखवलं नाही — ही खरी. आता तुमच्या पुडीतली टाकतो. बघा. काळा, आणि वास कसला? टायर जळल्याचा. तुम्ही मंत्र कितीही शुद्ध म्हणा, ज्याला बोलावताय तो या वासानं नाक धरून अर्ध्या वाटेवरून परत जाईल.

हसलात. बरं झालं. इथं हसणारं गिऱ्हाईक फार दिवसांत आलं नाही.

दुकान कसं ओळखायचं विचारत होतात ना? मला अक्षर येत नाही, पाट्या कोण वाचणार, मी आपला नाकानं आणि कानानं ओळखतो. ज्याच्या काचेत कवटी आणि लाल दिवा, त्याची पायरी चढायची नाही. कवटी प्लास्टरची असते, आणि दिवा लाल असतो तो माल नीट दिसू नये म्हणून. दुकानदार तुमचं दुःख विचारायला लागला की उठायचं — दुःख ऐकून तो भाव ठरवतो. आणि ज्या दुकानात सगळं मिळतं तिथं काहीच मिळत नाही, हे गाठीला बांधून ठेवा. खरा दुकानदार दहातल्या सहा वेळा नाही म्हणतो. घुबडाचं नख आहे का? नाही. चौकातल्याकडे बरणीभर आहेत — एवढी घुबडं त्याच्याच दारात मरायला येतात की काय? कोंबडीची नखं आहेत ती, खाटकाकडून आणतो आणि बुटाच्या पॉलिशनं काळी करतो. मेण घ्याल तर अंगठ्यानं दाबून घ्या, खऱ्यावर ठसा उमटतो, खोट्याचा भुगा होतो. आणि मुळी — मुळीला जराशी कीड लागलेली असली तर डोळे मिटून घ्या. किडीला खरंखोटं कळतं. माणसाला कळत नाही.

पन्नास वर्षं झाली, ताई. मुळ्या मी स्वतः खणून आणायचो. कुदळ लावायची नाही, बोटांनी माती सारत जायचं, शेवटचं केसाएवढं टोकसुद्धा तुटता कामा नये — एका मुळीला कधीकधी अख्खा दिवस जायचा. नखं बघा ही, आता सरळ वाढतच नाहीत. गुण येतो का? लोक विचारायचे ना, नेहमी विचारायचे, आणि मी सांगायचो, माल माझा, गुण तुमचा, मी त्यात पडत नाही. कुंभार मडकं विकतो, पाणी गोड का खारं ते विहिरीला विचारा. असं बोलायचो मी. मोठा शहाणा!

हं, तुम्हाला काय हवंय म्हणालात? तोडणीची मुळी. दोन माणसांच्या मध्ये पुरायची ती. आहे. आहे ना, एकच उरलीय, त्या वरच्या डब्यात. थांबा, घाई नका करू, स्टुलावर चढायचं म्हणजे गुडघ्यांची समजूत काढावी लागते. कसली म्हणता? सगळ्यात जोराची? अस्सल? ताई, हलकी का नको? हलकी मागायलाही अक्कल लागते. माझ्या बायकोला होती. पण अक्कल असून काय उपयोग, नवरा असा मिळाला.

काही नाही. आपलं असंच.

बरं, विचारताच आहात तर ऐका. या दुकानाचा एक रिवाज आहे, माझ्या वडिलांपासूनचा — काय हवं आणि किती, एवढंच विचारायचं. कशाला आणि कोणासाठी, हे नाही विचारायचं. तर एकदा मागच्या गल्लीतली शिंपीण आली. तिलाही हीच हवी होती, तोडणीची. पण म्हणाली, "काका, हलकीच द्या हं. जुनी, वाळकी, मोडकी असली तरी चालेल. चांगली नको." आता मला सांगा, राग येणार नाही? माझ्या दुकानात उभं राहून हलकं मागायचं! म्हटलं, "बाई, हलकं हवं तर चौकात जा, तिथं मांडूनच ठेवलंय." ती म्हणते, "अहो काका, खरंच, मला तसंच सांगितलंय." आता सांगितलंय म्हणजे कोणी सांगितलंय, हे विचारावं की नाही? नाही विचारलं. रिवाज! उलट आत गेलो आणि त्या सालची सगळ्यात देखणी मुळी काढली — दोन्ही पाय शाबूत, माणसासारखी, हातात घेतली तर तान्ह्या पोरासारखी जड. हलकीच्या भावात दिली. वर तोऱ्यात म्हटलं, "जा, नाव काढशील माझं."

सहा वर्षांनी कळलं. बायको अंथरुणाला खिळलेली, मी तिचे पाय चेपत बसलो होतो. छताकडे बघत म्हणाली, "मी हलकी मागवली होती हो. तुम्ही चांगली का दिलीत?"

तिनंच पाठवलं होतं शिंपिणीला. स्वतः कशी मागणार, दुकान पडलं नवऱ्याचं! आमच्या मुलाचं आणि माझं रोज वाजायचं, इथं, या फळीशी. सव्वीस वर्षांचा, कामाला वाघ, पण त्याला तयार पुड्या आणायच्या होत्या, रंगवलेल्या मुळ्या, असलं सगळं. "बाबा, लोकांना फरक कळत नाही." मी म्हणायचो, "मला कळतो." तिला वाटलं, पोरगं चार महिने मामाकडे जाईल, दोघांची डोकी थंड होतील, परत येईल. चार महिन्यांपुरती तोड. म्हणून हलकी. तिनं ती मागच्या दाराशी, उंबऱ्याखाली पुरली, आणि तीन आठवड्यांत पोरगं गेलं. मामाकडे नाही गेलं. गेलंच. बारा वर्षं झाली.

ती जाईपर्यंत एवढंच म्हणत राहिली — माल चांगला होता म्हणून मुलगा गेला. मीही म्हटलं, हो. माझीच चूक, मुळी फार जोराची निघाली. आणि खरं सांगू? त्या दिवशी माझा या धंद्यावर पहिल्यांदा विश्वास बसला. आयुष्यभर विकत होतो तेव्हा नाही बसला, म्हातारपणी बसला. मुळीनं केलं म्हटलं की घास तरी गिळता येतो.

काय? मी काय बोललो होतो त्याला?

काही नाही. बापलेकांत शब्दाला शब्द लागतोच. त्यानं त्याच्या मालाची पहिली दोन पोती आणली होती. मी नाक लावलं, आणि भर दुकानात, दोन गिऱ्हाइकं उभी असताना, दोन्ही पोती नेऊन गटारात उपडी केली. तो म्हणाला, "बाबा, माझ्या कष्टाची आहेत ती." मी म्हटलं — नीट आठवत नाही आता. आठवतं. म्हटलं, "या घरात मी खोटा माल कधी येऊ दिला नाही. एक तूच शिरलास." गिऱ्हाइकं हसली. त्यातलं एक अजून येतं, अजून मांडीवर थाप मारून सांगतं, काय बोलला होतात हो काका!

पण त्या बोलण्यानं नाही गेला तो. मुळीनं गेला. नंतर होता ना तीन आठवडे घरात? आईनं वाढलेलं जेवत होता, पाणी भरून ठेवत होता. माझ्याशी बोलत नव्हता, ते वेगळं. आई गेली तेव्हा आला होता. मी आत होतो. दारातूनच तिला बघितलं आणि शेजाऱ्याला म्हणाला, "दुकानदारांना सांगा, मी येऊन गेलो."

दुकानदारांना.

मग मी उंबरा उकरला. म्हटलं, काढू, जाळू, येईल पोरगं. तर मुळी नव्हतीच तिथं. मूठभर भुसा. वाळवीनं कधीच फस्त केली होती, पहिल्याच वर्षी — भुशाच्या रंगावरून कळतं मला, तेवढं एक कळतं. म्हणजे मध्ये काही नव्हतंच, ताई. इतकी वर्षं वाट मोकळी होती. मग तो का —

बसा. बसा म्हणतो ना, डबा काढतोय. मुलीसाठी ना? मघापासून "ती", "ती" म्हणताय. किती वर्षांची? बावीस. आणि तिच्या मनात बसलेल्या त्या माणसापासून तोडायचीय. विचारायचं नसतं, पण विचारतो — तुम्ही तिला काय बोललात? नाही, आधी नाही, अगदी शेवटी. तिनं दार लावून घेण्यापूर्वी.

नको. मला नका सांगू. माझ्या काय कामाचं ते? ती आत्ता घरी आहे? आहे ना अजून घरात?

मग इथं काय करताय, बाई? उठा. नाही विकायची मला ही मुळी, तुम्हाला नाही, कोणालाच नाही. उठा म्हणतो ना! जा.