डावीकडून दुसरा डबा

—नाही नाही, तुम्ही बोलूच नका मॅडम. पॅक तडकतो. एकदा लेप लागला की वाळेपर्यंत मुकाट पडून राहायचं, राणीसारखं—हो, राणीचाच विषय काढायचा होता मला. थांबा, आधी डोळ्यांवर कापूस ठेवते. गार वाटतंय ना? हं. तर ते तुमचं शिबिर. ‘बदल घडवा! निसर्गाकडून शिका, पुराणांकडून शिका!’—केवढा तो फलक, आणि खाली आम्ही सगळ्या दुकानवाल्या बायका, शाळेतल्या मुलींसारख्या हाताची घडी घालून. तुम्ही बोललात, आम्ही ऐकलं. आज तुम्ही आयत्या सापडलात माझ्या पार्लरमध्ये, माझ्याच खुर्चीत, तोंड बंद. आता मी बोलणार. पैसे नाही घेणार हं तुमच्याकडून, घाबरू नका.

मी शिबिराला आले कशाला? खरं सांगू? सुनेला सरळ करायला. आत टॉवेल धुतेय ती, म्हणून हळू सांगते. म्हणजे वाईट नाहीये ती—कोण म्हणतं वाईट आहे? हात तर असा हलका की गिऱ्हाईक घोरायला लागतं. पण आल्यापासून हिचं आपलं सुरू—आई, वेळ फोनवरून देऊ या. आई, दर भिंतीवर लिहू या. आई, बायकांच्या घरच्या गोष्टी आपण नको ना काढायला. अगं, मग काय काढू? बायका काय नुसत्या भुवया करायला येतात होय इथे? मी हे पार्लर एका आरशावर आणि एका मोडक्या स्टुलावर उभं केलं, तेव्हा कुठला फोन आणि कुठली वेळ! बाकावर बसायचं, नंबर येईपर्यंत गप्पा मारायच्या. तर म्हटलं, तुमच्याकडून काहीतरी युक्ती शिकावी, बदल घडवायची—म्हणजे तिच्यात घडवायची. माझ्यात नव्हे. हसू नका, तडकेल.

तुम्ही ते समुद्रमंथन सांगितलंत. देव एकीकडे, दानव एकीकडे, मधे तो नाग दोरीसारखा, खाली कासव. म्हणालात, ‘तुमच्या दुकानात मंथन करा. आधी विष निघेल, भिऊ नका, प्रमुखाने ते प्यायचं, मग अमृत.’ मला भारी आवडलं. दुसऱ्याच दिवशी शटर अर्धं खाली ओढलं, सूनबाई आणि आमच्या कामाच्या दोघी पोरी—एक ती उंच, वॅक्सिंगवाली, आणि एक चिमणी, तिला सगळे चिमणीच म्हणतात—तिघींना समोर बसवलं आणि म्हटलं, बायांनो, मनात असेल ते ओका. मी पिते. अहो, मला वाटलं, पगार, सुट्ट्या, तो गळका नळ, असलं काहीतरी निघेल. चिमणी—जिच्या तोंडातून एरवी ‘टॉवेल देऊ का?’ याच्यापुढे शब्द निघत नाही—ती म्हणते, काकू, तुम्ही गिऱ्हाइकांसमोर आम्हाला ओरडता. मग उंच बोलली. मग दोघी एकदमच बोलायला लागल्या. संध्याकाळ झाली तरी विष संपेना! आणि सगळ्या विषाचं नाव एकच—काकू. विष निघतं हे तुम्ही सांगितलंत मॅडम, ते आपलंच नाव घेऊन निघतं हे नाही सांगितलंत. सूनबाई? ती आपली खाली बघून टॉवेलांच्या घड्या घालत बसली. तेच जास्त झोंबलं मला.

हात कशाला हलवताय? कळतंय मला, तुम्हाला उत्तर द्यायचंय. नंतर द्या. आधी राणीमाशीचं ऐका.

तुम्ही विचारलंत, पोळ्याची राणी कोण? सगळ्यांत आधी माझा हात वर. तुम्ही पिवळं फूल लावलंत माझ्या पदराला, आठवतंय? महिनाभर मिरवलं असतं मी ते. पण झालं काय, परवा इथे टीव्ही लावलेला, तो प्राण्यांचा कार्यक्रम चालू, दोघी बायका डोक्याला मेंदी लावून बसलेल्या, आणि त्यात मधमाश्या. मी म्हटलं, आवाज वाढव गं, हे मला सगळं येतं. तर तो टीव्हीतला माणूस सांगतो—पोळं भरलं, नवी राणी तयार व्हायला लागली, की जुनी राणी काय करते? निघून जाते! निम्म्या माश्या घेते आणि भरलेलं घर लेकीला सोडून बाहेर पडते, झाडाच्या फांदीला लोंबकळते, नवी जागा मिळेपर्यंत. मेंदीवाल्या बायका माझ्याकडे बघतायत, मी टीव्हीकडे बघतेय, आणि सूनबाईने हळूच चॅनल बदललं. हे नव्हतं ना सांगितलं तुम्ही? निम्मीच गोष्ट सांगितलीत! मी काय या वयात फांदीला लोंबकळू?

आणि इथे तर उलटंच चाललंय. जुनी राहिली घट्ट बसून आणि नवीच निघालीय. हो. सूनबाई. सिनेमागृहासमोर नवं पार्लर झालंय ना, काचेचं, तिथे तिला खुर्ची दिलीय. एक तारखेपासून. चिमणी आणि उंच, दोघी तिच्यामागे जाणार, मला काय दिसत नाही? घरी एकीच्या ताटातला घास दुसरीला देणाऱ्या आम्ही दोघी, आता जेवताना ‘भाजी वाढू का’ याच्यापुढे बोलणं नाही. चुकतंय हो तिचं. नियमाप्रमाणे मी जायला हवं. —हे मी बोलले का? जाऊ दे. बोलले तर बोलले.

पुन्हा हात? अहो, मान्य आहे ना म्हणते!

तुमची ती सापाची गोष्ट मात्र खरी. कात टाकायच्या आधी त्याच्या डोळ्यांवर साय येते, धड दिसत नाही, म्हणून तो सगळ्यांवर फुत्कारतो. बाकीच्या बायका हसल्या. मी नाही हसले. कारण गेल्या महिन्यात ती बँकेतली बाई आली होती, तिची डावी भुवई—दोरा जरा जास्तच चालला. जरा म्हणजे निम्मी गेली. दोरा माझ्या दातात तसाच, आणि मला अजून वाटतंय, छान झालीय! सूनबाई शेजारून पुढे आली आणि म्हणाली, ‘माझा धक्का लागला आईंना, माफ करा.’ धक्का कसला, ती पार त्या टोकाला उभी होती. आणि नंतर मला एका शब्दाने बोलली नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून फळीवर रंगीत झाकणं—ब्लीचला निळं, पॅकला लाल, क्रीमला हिरवं. मी म्हटलं, हे काय, बालवाडी आहे का? माझा डबा मला हाताला सापडतो. डावीकडून दुसरा, पॅक. काल ती घरी गेल्यावर सगळी रंगीत झाकणं काढली, होती तशी पांढरी लावली, डबे जुन्या जागी ठेवले. आता कसं, माझं पार्लर माझ्यासारखं दिसतं. तुमच्या तोंडाला लावलाय तोही डावीकडून दुसराच, डोळे मिटून—

अहो मॅडम, पाय का आपटताय? चुरचुरतंय? पॅक कधी चुरचुरत नाही. वास कसला येतोय हा... थांबा. थांबा हं.

अगं ए सूनबाई! धाव गं! गार पाणी आण, ओला टॉवेल आण, ब्लीच लागलंय मॅडमना! मॅडम, डोळे उघडू नका, कापूस दाबून धरा—नको, मला नको देऊ टॉवेल. तूच पूस. माझ्या हाताने अजून घोळ होईल. मला दिसत नाही गं.

काय बघतेस अशी? पूस ना आधी! ...तुला ठाऊक होतं. म्हणून ती झाकणं. मग सांगायचंस ना तोंडावर—नाही, मी ऐकलंच नसतं. अंगावर आले असते तुझ्या. मॅडम कशा आहेत? भुवया जागेवर आहेत ना? सोनेरी? अगदी थोड्या? मग ठीक आहे, मधमाश्यांवर बोलतात, शोभतील.

सूनबाई, त्या काचवाल्यांना नाही म्हणून कळव. ही खुर्ची घे. फळी लाव, झाकणं लाव, दर लिही भिंतीवर, काय हवं ते कर. मी बाहेर बाकावर बसते, गप्पा तेवढ्या मारू दे बायकांशी. आणि तुझ्या त्या फोनवरून डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घे माझ्यासाठी. हो, वेळ घेऊन जाईन, नंबर लावून बसणार नाही.

तुम्ही अजून बोलू नका हो मॅडम. तिला काम करू द्या.