दंडावरची गाठ

मी मूळची रेनापूरची, दिली उदगीरला. धान्याचं दुकान हाय आमचं मोंढ्याच्या बाजारात, गल्ल्यावर मीच बसते, गिऱ्हाइकाच्या तोंडाआधी त्याच्या हाताकडं बघते, म्हनून मालक म्हनतेत तुला देवाचाबी शक येतो. येतो तर येतो, काय सांगू तुम्हाला.

पोरगी माझी शिवलीला, बारावी झाली आन् म्हनली अव्वा, मला नर्सिंगची डिग्री करायचीय, लातूरला, चार वरसं. मी म्हनलं सुई टोचायला चार वरसं कामून? पन मालक हाव म्हनले. मग मी एक अट घातली. आमी लिंगायत, लहानपनी स्वामींनी गळ्यात बांधलेलं इष्टलिंग मरेपर्यंत सोडायचं न्हाई. ज्या दिवशी गळा खाली, रिकामा दिसंल त्या दिवशी शिक्षन बंद, म्हनलं. ती लगेच हाव म्हनली. इतक्या जल्दी हाव म्हनली तिथंच मला शक आला.

मग तिच्या पहिल्याच वर्षी तो दुष्काळ. लातूरला रेल्वेनं पानी यायलं, होस्टेलच्या पोरी घरी पाठवल्या, शेजारची आली, आमची न्हाई आली. फोनवर म्हनली वॉर्डात ड्युटी हाय अव्वा, पेशंट कुठं घरी जातेत? मी म्हनलं शिकायला पाठवलं का फुकटात राबायला? तवा आमच्या इथं सगळे म्हनायले, उदगीर नवा जिल्हा होनार, इथंच कॉलेज येनार, पोरीला इकडंच आना. त्याच्यावरबी माझा भरोसा न्हाई, अजूनबी न्हाई.

पान्याचा कॅन घेतला आन् एसटीनं गेले, न सांगता. वॉर्डातून आली पांढऱ्या कपड्यात, वाळून गेलेली. मी आधी गळा बघितला. खाली. मी म्हनलं सामान भर, चल. तिनं मला आडोशाला नेलं, बाही वर केली. दंडावर, गॉजमधी गुंडाळून, पट्टीनं बांधलेलं लिंग. म्हनली वाकलं की गळ्यातलं पेशंटच्या जखमेवर लोंबतंय, म्हनून स्वामींना विचारून हितं बांधलं. मी स्टँडावर येऊन स्वामींना फोन लावला. खरं निघालं. पन मला सोडून स्वामींना विचारलं, ह्याचा राग आला, लई आला.

आता तिचं चौथं वरीस. अवंदा माझं पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन झालं, तिच्याच दवाखान्यात. सिस्टर म्हनली गळ्यातलं काढून द्या. मी मूठ आवळली, देते कशाला, कोन कुठली बाई. मग शिवलीला आली, डॉक्टरला विचारून आली, म्हनली अव्वा, सोड. आन् मी सोडलं. तिनं माझ्या दंडावर बांधलं, तसंच, गॉजमधी. कुनाचं भलं करायचं ते कर बाई, सुखी रहा, असं तिला मनात म्हनलं, तोंडानं न्हाई.

शुद्धीवर आले तर आधी दंड चाचपला. गाठ होती. पोरगी उशाला बसलेली. मी म्हनलं सैल वाटायली, परत बांध. सैल नव्हती. पन तिनं सोडली आन् परत बांधली.