फळांची थाळी यायच्या आत

हॅलो? … कोण, नातिया? अगं, मोठ्यानं बोल, काही ऐकू येत नाहीये… हो, मीच. फेंग मावशी. घरमालकिणीला फोन लावलास तर दुसरं कोण उचलणार?

…जेवायला? कुणी नेलंय, तुमच्या मुख्याध्यापकांनी? त्या चिक्कू लिआंगनं? … हो, हो… हॉटेलात स्वतंत्र खोली… बरं… अगं ऐक ना, आधी सांग, कोण कोण आहे? … तो, ऑफिसातल्या यिन बाई, आणि? … नवी मुलगी. कसली नवी? … पियानोची? अगं, पियानो तर तू शिकवतेस.

फेंग मावशीच्या हातातली शेंग अर्धवट सोललेलीच राहिली.

काही नाही. बोल. … बसवलंय कुठे तुला? … त्याच्या उजव्या हाताला. आणि माशाचं डोकं कुणाकडे केलं होतं? … तुझ्याकडे. गालाचा तुकडा कुणी वाढला? … त्यानं? स्वतःच्या हातानं? … आणि वाढताना म्हणाला काय? … 'सहा वर्षं फार कष्ट केलेस, आता जरा विश्रांती घे.'

अगं आई गं.

पोरी, तू खूश कशावर होतेयस? करार वाढवायचं जेवण नाही हे… मान दिलाच की, निरोपसुद्धा मानानंच देतात… नाही, तोंडानं नाही म्हणणार तो. कधीच म्हणणार नाही. तीस वर्षं असल्याच खोल्यांमध्ये वाढप केलं मी, मला विचार!

रडू नकोस. रडू नकोस म्हणते ना… कुठे उभी आहेस, बेसिनपाशी? तोंडावर पाणी मार. आणि ऐक. 'भात की नूडल्स' विचारून झालं? … झालं. फळांची थाळी? … नाही ना आली? मग वेळ आहे. कलिंगड टेबलावर आलं की जेवण संपलं. सगळे उठतात, कोट चढवतात, आणि उद्यापासून हा माणूस तुझा फोन उचलत नाही.

पत्र माग. शाळेनं तुला सोडल्याचं पत्र, शिक्क्यासकट. … अगं, नोकरी गेली, ती जाऊ दे खड्ड्यात! त्या पत्राशिवाय दुसरी शाळा तुला घेऊ शकत नाही, आणि नोकरी नाही म्हणजे इथे चीनमध्ये राहायचा परवाना नाही. ती नाचाची मास्तरीण आठवते ना? 'पुढच्या आठवड्यात देतो, पुढच्या आठवड्यात'… शेवटी पोराला शाळेतून काढून मायदेशी गेली बिचारी.

…उद्या ऑफिसात नाही. उद्या तो मीटिंगला असेल. परवाही मीटिंगलाच. आत्ता माग, यिन बाईंसमोर. चारचौघांत त्याला नाही म्हणता येत नाही… हो, हो, माहितीय, मीच शिकवलं तुला. जेवताना कामाचं बोलू नये, थेट मागू नये, कुणाला खाली बघायला लावू नये… शिकवलं. चुकलं माझं. बास?

प्याला घेऊन उठ. तुमच्या जॉर्जियात पिण्याआधी बोलतात ना उभं राहून, पार खापरपणजोबांपासून? तसं बोल. आधी आभार, मग पत्र. आणि प्याल्याला प्याला लावशील तेव्हा तुझा त्याच्यापेक्षा खाली हवा, तेवढा मान राख हं… काय? वाढपीण थाळी घेऊन आत गेली? मग तू काय करतेयस तिथे! जा! … हॅलो? नातिया?

फोन बंद झाला नव्हता. चालूच्या चालू खिशात गेला होता. मावशीनं तो कानाशी दाबून धरला. तिचं ऐकणारं आता कुणी नव्हतं, तरी ती कुजबुजत राहिली.

…उठली वाटतं. सगळ्यांच्याच खुर्च्या वाजल्या, तिच्याबरोबर तेही उठले. … हं, आभार. छान. … आजोबा पुरे गं, मुद्द्यावर ये… हं… 'मला ते पत्र उद्या सकाळी हवं.' अगं बये! असं सांगतात का!

…

थाळी टेकली टेबलावर.

…हसला. 'फळं घ्या, फळं घ्या, कामाचं नंतर बघू.' … बघू म्हणाला. म्हणजे गेलं.

बस खाली, पोरी. … खुर्ची नाही वाजली. … 'नातिया बाई, घ्या ना, प्या ना'… ही यिन. … पीत नाहीये ती! प्याला धरून उभीच आहे. आणि तेही सगळे उभे! तिनं घोट घेतल्याशिवाय त्यांना बसता कसं येणार?

तीस वर्षांत मावशीनं असलं काही पाहिलं नव्हतं.

नको पिऊस. … नको हं. … लिआंग खोकतोय. … हात भरून आला का गं? दुसरा हात लाव खालून… काय म्हणाला? मोठ्यानं बोला की हो! … 'उद्या नऊ वाजता. यिन बाई, शिक्का काढून ठेवा.' … म्हणाला! चारचौघांत म्हणाला!

आता पी. पी, पोरी. … प्यायली. खुर्च्या सरकल्या सगळ्यांच्या.

…ही कोण बोलतेय, नवी? काय विचारतेय? … पियानोच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते म्हणून.

…

'माझ्याकडे.'

किल्ली काढायला नातियाचा हात खिशात गेला असावा. कानात जोरात खडखडलं, आणि फोन बंद झाला.