लांब आहे, म्हणालो मी

—नाही, नाही, लेन्सला दोष नाही. चारशे मिलिमीटरची, मोठ्या तोंडाची, ढगाळ दिवशीही उजेड ओढते. पण मागे हा दुप्पट करणारा टेलिकन्व्हर्टर लावला की उजेड चौथाईवर येतो, आणि हाताची थरथर दुप्पट दिसते. मग काय करायचं? छिद्र एक पायरी बारीक, शटर हजाराच्या वर, डावा हात लेन्सवर असा दाबून धरायचा. तरी उन्हात चिखलावरची हवा थरथरते ना, तिच्यापुढे कुणाचं चालत नाही. जवळच जावं लागतं. अस्वलांच्या खाडीवर चाललाय ना उद्या? वाटलंच. ऑगस्टात इथे अलास्कात, होमरला लोक दुसरं काय भाड्यानं न्यायला येतात?

बरोबर कोण? बायको. ती कॅमेरा नाही ना धरणार? नाही — तसं नाही, विचारलं आपलं. मी आणि माझा मित्र मेरिट वीस वर्षं गेलो तिकडे. एकानं फोटो काढायचे, दुसऱ्यानं आजूबाजूला बघायचं, आळीपाळीनं. कारण हे भिंग डोळ्याला लागलं की चाळीस पावलांवरचं एका अस्वलापुरतं जग उरतं, बाकी सगळा आंधळा कारभार. त्या दिवशी काढायची पाळी मेरिटची. तो पुढे गुडघ्यावर, मी मागे उभा. आणि ओहोटीच्या चिखलात अस्वलाचं एक बच्चं शिंपला फोडत बसलेलं, पापण्यांचे केस मोजता यावेत इतकं साफ — म्हणजे, मेरिट म्हणाला तसं. त्यानं काढलेल्या —

नाही. मलाच दिसलं ते. माझा कॅमेरा ट्रायपॉडवर होताच, एकच फोटो काढू म्हटलं. मेरिटनं मान न वळवता हळूच विचारलं, "ऑरव्हिल, आई कुठाय त्याची?" मी भिंगावरून डोळा काढला नाही. "लांब आहे," म्हणालो, "काढ तू." बघितलंच नव्हतं हो मी. त्यानं विश्वास ठेवला.

मग फोकस सुटला. सगळं तपकिरी, धुरकट. मी रिंग फिरवतोय, कन्व्हर्टरला शिव्या देतोय — आणि एकदम कळलं, ही लेन्स तीन पावलांच्या आतलं काही धरतच नाही. डोळा काढला. बच्च्याची आई माझ्यासमोरून मेरिटकडे चालली होती. घाई नव्हती तिला. वास आला, कुजक्या माशाचा. अस्वलांना पळवायचा मिरचीचा फवारा माझ्या कमरेला होता. दोन्ही हात लेन्सवर होते, आणि तिथेच राहिले. ओरडताही आलं नाही मला, अहो, हाकसुद्धा मारली नाही त्याला.

जगला तो. जबडा तारेनं बांधला, डावा कान गेला. अजून लोकांना सांगतो, ऑरव्हिल बघत होता, ती गवतातून अचानक आली. मी समोर बसून मान डोलावतो. सात वर्षं झाली. तुम्हाला कशाला सांगितलं कुणास ठाऊक —

काय म्हणालात? बायकोला पण दुसरा कॅमेरा हवाय? दोघं मिळून काढणार?

ती लेन्स खाली ठेवा. नाही, हळू नको, ठेवा. आज मी काही देत नाही. पुढच्या चौकात दुसरं दुकान आहे, तिथेही नका जाऊ. निघा तुम्ही. निघा म्हणतोय ना.